ठणठणीत ज्येष्ठांचे जुलाब-उलट्या : आमच्या घरी निदान बरोबर ठरले आणि तरीही चुकले

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिककर मंडळींना नमस्कार. हा धागा दहा-बारा दिवसांपूर्वीच काढायचा होता, परंतु त्या वेळी जे लिहिले असते त्यात रागच अधिक आला असता, म्हणून थांबलो.

माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ७४ वर्षांचे आहेत. थंडी असो वा पाऊस, पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर त्यांच्या फेऱ्या सुरू होतात. मधुमेह नाही, हृदयाचा त्रास नाही, दात शाबूत आहेत. आजार म्हणावा असा एकच, तो म्हणजे रक्तदाब, आणि त्यासाठी गेली नऊ वर्षे ते रोज सकाळी एक गोळी घेतात. त्या एका गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधे आहेत हे मला या प्रसंगापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या लेखी ती नुसती 'बीपीची गोळी' होती.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीला उलट्या-जुलाब झाले. तिच्या बालवाडीतल्या बऱ्याच मुलांना तोच त्रास चालू होता आणि ती दीड दिवसात खेळायलाही लागली. आम्ही दोघे कामावर असल्याने तिची ओकारी अण्णांनीच पुसली. जुन्या फडक्याने पुसून, फडके मोरीत टाकून, हाताला सॅनिटायझर चोळून ते चहा घ्यायला बसले, असे आई सांगते. त्यानंतर साधारण तीस तासांनी, सोमवारी रात्री दोन वाजता, त्यांना पहिली उलटी झाली.

'नातीचे लागले आहे, दीड दिवसात उतरेल' असे आम्ही सर्वांनी एकमुखाने ठरवले. पुढे तपासणीत नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू निघाला, म्हणजे आमचे निदान अक्षरशः बरोबर होते. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकला, कारण चार वर्षांच्या मुलीचा दीड दिवस आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा दीड दिवस एकच असतो, असे आम्ही गृहीत धरले.

मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, अँटिबायोटिकची पट्टी आणली. अंग फार ठणकते म्हणून अण्णांनी खणातली डायक्लोफेनॅकची गोळी स्वतःच घेतली आणि संध्याकाळी आणखी एक घेतली. प्यायला उकळून गार केलेले साधे पाणी दिले, आणि लिंबाचे सरबत दिले ते बिनमिठाचे, कारण 'बीपी आहे, मीठ नको'. आठवड्याच्या वारांची सात खणांची प्लास्टिकची डबी त्यांच्या उशाशी असते. नंतर रुग्णालयात न्यायची पिशवी भरताना मी ती उघडली, तेव्हा मंगळवारचा खण रिकामा होता आणि बुधवारचाही रिकामा होता. पोटात पाण्याचा घोट ठरत नसताना या माणसाने बीपीची गोळी चुकवली नव्हती. दोन उलट्यांच्या मधली वेळ साधून ती घेतली होती.

बुधवारी दुपारी उलट्या थांबल्या, जुलाबही कमी झाले, आणि आम्ही निर्धास्त झालो. रात्री नऊच्या सुमारास अण्णांनी आईला 'दिंडोरीची यष्टी गेली का गं?' असे विचारले. आधी आम्ही हसलो. मग त्यांनी आईला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. जीभ लाकडासारखी कोरडी होती. घरच्या यंत्रावर रक्तदाब ८४/५० आला. यंत्र बिघडले असेल म्हणून मी सेल बदलले आणि पुन्हा मोजला, तर ८२ आला. तेव्हा आईने विचारले, 'सकाळपासून हे लघवीला गेलेत का?' कोणालाच सांगता येईना. ते गेलेच नव्हते.

रुग्णालयात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारा घटक, ३.४ निघाले, जे ऑगस्टच्या तपासणीत १.० होते. सोडियम १२४, पोटॅशियम ३.०, दोन्ही कमी. सोडियम घाईने वाढवले तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणून ते हळूहळू वाढवावे लागले आणि त्यासाठी दोन रात्री अतिदक्षता विभागात गेल्या. सहाव्या दिवशी अण्णा घरी आले. आता बरे आहेत.

या धाग्यावर जे डॉक्टर असतील त्यांनी कृपया सांगावे की, इतक्या निरोगी माणसाचे इतके कशाने बिघडले आणि आमच्याकडून नेमके कोठे चुकले.

जुना सातपूरकर

अण्णांची प्रकृती सुधारली हे वाचून बरे वाटले. मात्र नातीला दोष देण्याआधी आपल्या भागातील नळाचे पाणी तपासून घ्यावे, असे मी सुचवेन. आमच्या कॉलनीत गेल्या पावसाळ्यात जलवाहिनी फुटली होती, तेव्हा चार घरांत एकाच वेळी जुलाब सुरू झाले होते. धरणातून निघालेले पाणी शुद्ध करून सोडले, तरी ते आपल्या टाकीपर्यंत पोहोचताना वाटेत काय काय मिसळते, हे कोण पाहतो?

स्टेथोस्कोप

मी नाशिकमध्येच फिजिशियन म्हणून काम करतो. धागाकर्त्यांनी घटनाक्रम इतका नेमका दिला आहे की मला वेगळे विचारण्यासारखे थोडेच उरले आहे.

प्रथम सातपूरकरांविषयी. पाण्यातून हा विषाणू पसरतो यात शंका नाही. २०२१ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात विद्यार्थ्यांमध्ये नोरोव्हायरसची साथ आली, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणावरच भर द्यावा लागला होता. परंतु येथे आधी बालवाडी, मग नात, मग ओकारी पुसणारे आजोबा, असा सरळ माग लागतो आणि मधले तीस तास नोरोव्हायरसच्या १२ ते ४८ तासांच्या कालावधीत चपखल बसतात. हा विषाणू शंभराहून कमी कणांनीही लागण करू शकतो, आणि उलटीच्या एका थेंबात त्याहून कितीतरी अधिक कण असतात. १९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत उलट्यांची साथ आली होती; त्या वेळचे नमुने वापरून १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू प्रथम दिसला आणि त्या गावावरूनच त्याचे नाव पडले. म्हणजे त्याची ओळखच मुळी शाळेतून झाली आहे.

आता मूळ प्रश्न. अण्णांच्या मूत्रपिंडाला विषाणूने हात लावला नाही. विषाणूने शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर काढले, एवढेच केले. तरुण माणसाच्या शरीरात सुमारे ६० टक्के पाणी असते, सत्तरीनंतर ते ५० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे गंगाजळी आधीच कमी. त्यात वयोमानाने तहानेची जाणीव बोथट होते आणि लघवी घट्ट करून पाणी राखण्याची मूत्रपिंडाची ताकद उतरते. हे सर्व पहाटे पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही लागू आहे. चालण्याने पायांचे आणि हृदयाचे वय कमी राहील, मूत्रपिंडाचे तेवढे राहत नाही.

यानंतर गोळ्यांचे पाहू. रक्तप्रवाह कमी झाला की मूत्रपिंड आपल्या गाळणीतून बाहेर पडणारी बारीक रक्तवाहिनी आवळते आणि आतला दाब टिकवून धरते. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे नेमकी ती वाहिनी सैल करतात. एरवी तोच त्यांचा फायदा असतो. गाळणीकडे रक्त आणणारी वाहिनी मोकळी ठेवण्याचे काम शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य करते, आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके तेच बंद पाडतात. उरलेसुरले पाणी लघवीवाटे काढण्याचे काम हायड्रोक्लोरोथायझाइडने केले, आणि त्याने सोडियमही काढले. वर आपण साधे पाणी आणि बिनमिठाचे सरबत देत होता, त्यामुळे सोडियम आणखी पातळ झाले. असा तिहेरी मारा आम्ही दर हिवाळ्यात पाहतो, आणि बहुतेक वेळा गोळी काटेकोरपणे घेणारा, शिस्तीचा माणूसच त्यात सापडतो.

बीपीची गोळी मनाने कायमची बंद करावी, असा याचा अर्थ कोणीही काढू नये. उलट्या-जुलाब चालू असताना आणि पोटात काही ठरत नसताना, त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करून 'ही गोळी आज द्यायची का?' एवढा एकच प्रश्न विचारावा. बहुधा एक-दोन दिवस थांबवायला सांगतील आणि खाणेपिणे सुरळीत झाले की पुन्हा सुरू करायला सांगतील. हृदयविकारासाठी औषधे चालू असतील तर हा प्रश्न अधिकच आवश्यक आहे, कारण तेथे कोणती थांबवायची आणि कोणती नाही हे घरी ठरवता येत नाही.

पंचवटीकरीण

डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाईंना रक्तदाब आहे आणि आम्हीही मीठ टाळतो. ओआरएसच्या पुडीत मीठ असते म्हणून ती देण्याची आमची हिंमत होत नाही. शिवाय दुकानात फळांच्या चवीची, खोक्यातली जी पेये मिळतात ती त्या आवडीने पितात. ती चालतात का?

स्टेथोस्कोप

जुलाबातून जे मीठ गेले आहे तेच ओआरएस भरून काढते, ते वरकड मीठ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅमच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि ती पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची असते. अर्धी पुडी पेल्यात टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, तिने प्रमाण बिघडते. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. मधुमेहींनाही एवढ्या ग्लुकोजचे भय नको, कारण ते गोडीसाठी नसून आतड्यातून सोडियम आत ओढून घेण्यासाठी आहे. ग्लुकोजशिवाय सोडियम आणि सोडियमशिवाय पाणी आत जात नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा हृदय कमकुवत असेल, तेवढ्यांनी किती प्यावे हे विचारून घ्यावे.

खोक्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार असते आणि सोडियम थोडे, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

येथे थोडे विषयांतर करतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांच्या हातूनच ते रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पेला हाती धरून बसणारे घरचे माणूस हा त्या उपचाराचा अर्धा भाग होता, आणि आजही आहे. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्यावा. सत्तरीच्या माणसाला 'तहान लागली का?' असे विचारून पाजू नये, घड्याळ पाहून पाजावे.

सेवानिवृत्त परिचारिका

डॉक्टरांनी रुग्णाचे सांगितले, मी मोरीचे सांगते, कारण तीस वर्षे वॉर्डात हेच केले आहे.

सॅनिटायझरवर विसंबू नये. या विषाणूला मेदाचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोल त्यावर फारसे चालत नाही. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडा आणि अंगठ्यासह वीस सेकंद हात चोळावे लागतात, म्हणजे विषाणू मरो न मरो, तो वाहून जातो.

ओकारी पुसताना नाक-तोंड झाकावे, हातमोजे घालावेत, फडके न वापरता जुनी वर्तमानपत्रे किंवा कागद वापरावेत आणि ते पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकावेत. झाडू फिरवू नये आणि बादलीभर पाणीही ओतू नये, त्याने तुषार उडतात. मग सोडियम हायपोक्लोराइटचे जे पांढरे ब्लीच मिळते, ते सुमारे पाच टक्क्यांचे असल्यास एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर घालून जागा ओली करावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. दाराची कडी, नळाची तोटी, फ्लशचे बटण आणि भ्रमणध्वनी यांनाही पुसून काढावे. अनेक घरांत फरशीसाठी अॅसिड वापरतात; ते ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. अंथरुणाच्या चादरी गरम पाण्यात वेगळ्या धुवाव्यात.

ज्याला त्रास झाला, त्याने थांबल्यानंतरही दोन दिवस स्वयंपाकघरात हात घालू नये. आपल्याकडे घरची बाई अंगात थोडे बळ आले की लगेच पोळ्या लाटायला उभी राहते, आणि मग चौथ्या दिवशी सगळे घर आडवे होते.

हिशेबनीस

मला एक उलटी बाजू मांडायची आहे. 'व्हायरल आहे, उतरेल' हे वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या मामांना, वय ६९, अशाच उलट्या आणि घाम सुरू झाला, पोटाच्या वरच्या भागात दुखत होते. एका दवाखान्यात त्यांना आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले गेले, ईसीजी काढला नाही. तो हृदयविकाराचा झटका होता. ते वाचले, पण हृदय कायमचे कमकुवत झाले. तेव्हा घरच्या घरी विषाणूवर बोट ठेवणे किती सुरक्षित आहे?

स्टेथोस्कोप

आपला आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. ज्येष्ठ व्यक्तीला उलट्या आहेत पण जुलाब नाहीत, अशी स्थिती असेल तर ती आतड्याची विषाणूबाधा मानू नये. हृदय, आतड्यातील अडथळा, पित्ताशय, रक्तातील साखर यांचा विचार आधी व्हावा. विष्ठेत रक्त असेल, ताप चढता असेल, पोट फुगून कडक झाले असेल किंवा विष्ठा तांदळाच्या धुवणासारखी भसाभस होत असेल, तरी घरी थांबू नये. या विषाणूंमध्ये सहसा रक्त पडत नाही.

अण्णांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लघवी. ज्येष्ठांची त्वचा चिमटीत धरून पाहण्याचा उपयोग नाही, ती एरवीही सैलच असते. आठ तास लघवी न होणे, उठून उभे राहताच भोवळ येणे, आणि बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी उलट्या थांबल्या आहेत का याचा विचार न करता निघावे. उलट्या थांबणे म्हणजे झालेली तूट भरून निघणे नव्हे. बुधवारी दुपारी आपण निर्धास्त झालात, तेव्हा मूत्रपिंड आधीच थंडावले होते.

दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने विषाणूवर काही परिणाम होत नाही. उलट आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ज्येष्ठांत दुसराच चिवट अतिसार मागे लागू शकतो.

कॉलेज रोड ६२

माझ्या आईला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. तिच्या बाबतीत वेगळे काही लक्षात ठेवायचे का? शिवाय एक कुतूहल आहे. धागाकर्त्यांच्या मातोश्री त्याच घरात, त्याच मोरीत वावरत होत्या, त्यांना काहीच कसे झाले नाही?

स्टेथोस्कोप

डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषध चालू असताना खाणे थांबले आणि शरीर कोरडे पडले, तर रक्तातील साखर यंत्रावर जवळपास नेहमीसारखी दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकते. मळमळ, धाप आणि ग्लानी ही त्याची लक्षणे 'पोट बिघडले' या नावाखाली लपून जातात. मेटफॉर्मिन मूत्रपिंड मंदावले की शरीरात साठते. दोन्हींविषयी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन चालू असेल तर ते मात्र मनाने पूर्ण बंद करू नये.

मातोश्रींविषयी खात्रीने सांगता येणार नाही, परंतु काही माणसांच्या आतड्याच्या पृष्ठभागावर नोरोव्हायरसला चिकटायला लागणारी विशिष्ट शर्कराच नसते. एफयूटी२ नावाच्या जनुकावर ते ठरते. अशा लोकांना नोरोव्हायरसचे अनेक प्रकार बाधतच नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी ओकारी पुसण्याचे काम कोणी करावे, हे आपल्या घरी कदाचित ठरले आहे. हा विनोद समजावा, हातमोजे त्यांनाही लागतीलच.

जुना सातपूरकर

नळाच्या पाण्याबद्दलचा माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण या घरापुरता सोडून देतो. यावर लस आहे का? सिंहस्थात शहरात किती गर्दी होणार आहे, ते सर्वांना माहीत आहे.

स्टेथोस्कोप

नोरोव्हायरसवर वापरात असलेली लस अद्याप नाही. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या दुसऱ्या विषाणूवर आहे, ती बाळांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे देतात, आणि २०१६ पासून आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे. रोटाव्हायरस आजी-आजोबांनाही होतो, त्यामुळे नातवाचा डोस आजोबांच्याही थोडाफार कामी येतो. गर्दीच्या काळात बाहेरचा बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे, विशेषतः डॉक्टरांचे आणि परिचारिकाताईंचे आभार. ताईंचा प्रतिसाद पत्नीने छापून मोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. फ्रिजवर दुसरा कागद आहे, त्यावर अण्णांच्या आणि आईच्या सर्व गोळ्यांची नावे, मात्रा आणि डॉक्टरांचा क्रमांक आहे. ही नावे मला त्या रात्री रुग्णालयाच्या दारात सांगता आली नव्हती. ओआरएसच्या सहा पुड्या आणि लिटरची खूण केलेली एक बाटली स्वयंपाकघरात ठेवली आहे. डायक्लोफेनॅकची पट्टी खणातून काढली.

हा धागा मी अण्णांना वाचून दाखवला. 'शिस्तीचा माणूसच त्यात सापडतो' या वाक्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की डॉक्टरांनी नऊ वर्षांत गोळी कधी घ्यायची तेवढे सांगितले, कधी घ्यायची नाही ते एकदाही सांगितले नाही. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सोमवारच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ आले. गोळी बदलली आहे; आता नुसते टेल्मिसार्टन आहे, तेही निम्म्या मात्रेचे, आणि ते गुरुवारपासून सुरू झाले. वारांच्या डबीतले खण भरण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. अण्णांना ते अजून पसंत पडलेले नाही. काल संध्याकाळी त्यांनी डबी उघडून सातही खण मोजून पाहिले.